मैना जवळ येईना

भुसावळहून वसईला जायचं म्हटलं की आमच्या गावचा माणूस आधी रेल्वेचं वेळापत्रक बघतो. रुळांच्या खडखडाटातच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरीही फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो ते माझ्या छोट्या मोटारीने. सोबत माझा थोरला भाऊ, भास्करदादा. नोकरीची सगळी वर्षं मालगाडीचं इंजिन चालवण्यात घालवलेला हा माणूस "मला रोडने जायचंय" म्हणाला, आणि मी कारण विचारलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला, धुक्याच्या एका पहाटे, दादाच्या गाडीपुढे एक माणूस रुळात येऊन उभा राहिला होता. दादाने भोंगा दिला, आणीबाणीचा ब्रेक लावला, हातात होतं ते सगळं केलं. पण भरलेली मालगाडी लावला ब्रेक की थांबली, अशी थांबत नसते. चौकशीत दादाचा काही दोष नाही असं स्पष्ट झालं, त्याला रजा मिळाली, डॉक्टरांनीही तपासलं. डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांना त्याने हसत उत्तरं दिली. झोप? छान. भूक? विचारू नका. मनात काही येतं का? छे हो. येत्या सोमवारपासून तो पुन्हा ड्यूटीवर जाणार होता.

वहिनींनी मला घरी बोलावलं तेव्हा दादा बाजारात गेला होता. "शैलाताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बाथरूममध्ये नळ सोडून बसतात. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मी दार वाजवलं की म्हणतात, आंघोळ करतोय. दिवसातून किती आंघोळी करतो माणूस? मला तर जवळसुद्धा बसू देत नाहीत. तुम्ही बघा काही जमलं तर."

मला मर्सी आठवली. नाशिकला समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. पुढे मी शाळेत शिकवू लागले आणि मर्सी समुपदेशक झाली. ती वसईची, सासर पापडीचं. गेली काही वर्षं ती पूर्वेकडे चांदीपला तीन घोडे सांभाळते. वरातीतून, टांग्यातून सुटलेली ही जनावरं. मनाने थकलेली, घाबरलेली माणसं तिच्याकडे येतात आणि त्या घोड्यांच्या सोबतीने थोडी मोकळी होतात, एवढं मला फोनवरून माहीत होतं.

दादापासून मी काही लपवलं नाही. तो मोठ्याने हसला. "म्हणजे आता घोडे मला पास करणार? चल. त्यांचाही शिक्का घेऊन येऊ."

जळगावपर्यंत रस्त्याच्या बाजूला मधूनच रूळ दिसतात. तेवढा वेळ दादा दुसऱ्या बाजूच्या केळीच्या बागा बघत राहिला. एरवी मी स्टिअरिंग धरलं की शेजारी बसून पायाने ब्रेक दाबणारा हा माणूस. त्या दिवशी त्याने किल्ली हातातही घेतली नाही. "पाठ धरलीय," म्हणाला. धुळे मागे पडलं, मालेगाव गेलं, नाशिकला जेवलो. त्र्यंबकच्या पुढे थंडी कमी होत गेली आणि वाळक्या गवताचे पिवळे डोंगर सुरू झाले.

जव्हारच्या अलीकडे एका झोपडीवजा हॉटेलात चहाला थांबलो. चहावाल्या बाईंनी कुठं निघालात म्हणून विचारलं.

"घोडे बघायला," दादा म्हणाला.

"विकत घ्याचेत?"

"नाही हो. त्यांनाच मला बघायचंय."

बाई हसल्या, दादाही हसला. पण कप बशीत ठेवताना एवढा खणखणला की बाईंनी मागे वळून पाहिलं. दादाने लगेच बशी बाजूला सारली आणि कप दोन्ही हातांनी धरला.

मनोरला घाट संपून मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागला, आणि खरी परीक्षा सुरू झाली. चारी बाजूंनी ट्रक. मागून एखाद्याने हवेचा भोंगा वाजवला की दादाचे गुडघे समोरच्या कप्प्यावर आपटायचे. मला ते दिसत होतं, मला दिसतंय हे त्याला कळत होतं, आणि आम्ही दोघं वहिनींनी दिलेल्या डब्यातल्या शेवेबद्दल बोलत होतो. कशात किती तिखट आहे, याबद्दल.

पापडीला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. शहरातल्या इमारतींच्या गर्दीतून गाडी डावीकडे वळते काय आणि अचानक केळीची पानं दोन्ही काचांना घासायला लागतात काय! अरुंद रस्ते, विहिरी, व्हरांड्यांची घरं, दारापुढे क्रूस, आणि तुळशी असलेली अंगणंही. चर्चची संध्याकाळची घंटा वाजत होती. मर्सी फाटकाशीच उभी होती, केस पिकलेले, अंगात पुरुषी सदरा, पायात बूट. तिने मला मिठी मारली आणि दादाला नमस्कार केला. "भास्करदादा, दमलात ना?"

"अजिबात नाही," दादा म्हणाला. "एकदम फ्रेश."

मर्सीने मान हलवली. तिचं लक्ष दादाच्या हातांकडे होतं.

घरात ती आणि तिचे सासरे, एवढीच माणसं. नवरा आखातात नोकरीला. सासऱ्यांना सगळे पपा म्हणतात. सुनेशी ते त्यांच्या बोलीत बोलत. बोलीचा सूर गोड, पण मला अर्धंमुर्धंच समजत होतं. आमच्याशी मात्र पुस्तकातली मराठी. जेवायला कोंबडीचा रस्सा आणि फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले, आत पोकळ गोळे) होते, आणि शेवटी पपांनी स्वतःच्या हाताने वाढलेली सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी). आम्ही केळीच्याच मुलखातले, आम्हाला कसलं नवल, असं मनात म्हणत मी एक उचललं आणि मग तीन खाल्ली. मधासारखा दाट, चिवट गोडवा.

पपांनी दादाला विचारलं, "तुम्ही इंजिन चालवता म्हणे? मोठं काम. मग एवढ्या वर्षांत कोणी गाडीपुढे आलं असेल?"

म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं. मर्सीचा हात भांड्यावरच थांबला. मी दादाकडे बघितलं.

"येतात कधीकधी," दादा हसत म्हणाला. "नोकरीचा भाग आहे, पपा. चालायचंच. हा फुगा आत पोकळ कसा काय होतो हो?"

पपांनी फुग्याचं सगळं सांगितलं. दादाने मन लावून ऐकलं, प्रश्नही विचारले. त्याच्या ताटातला फुगा मात्र त्याने बोटांनी इतका बारीक केला होता की त्याचा भुगा झाला होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही चांदीपला निघालो. वाटेत निर्मळला मर्सीने गाडी थांबवायला सांगितली. तळ्यावर कोवळं ऊन पडलं होतं, पलीकडे देवळाचा कळस, आणि रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसलेल्या. मोगरा, सोनचाफा, वांगी, मुळा, केळफुलं. सायकलींच्या मागे भाजीच्या जुड्या बांधलेल्या. मर्सीने घोड्यांसाठी गाजरं घेतली. दादा देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडून बराच वेळ उभा राहिला. तो देवभोळा कधीच नव्हता.

पुढे विरारच्या गर्दीत शिरलो आणि रुळांवरच्या पुलावर गाड्या अडकल्या. पुढे बस, मागे रिक्षा, आम्ही बरोबर मधोमध. खालून गाडी गेली. पूल सूक्ष्म थरथरला, ते माझ्या तळपायांना कळलं. दादा बोलायला लागला. पपांची बाग केवढी, विहिरीला पाणी किती, इकडच्या केळीचं खोड आणि आपल्याकडचं खोड यात फरक काय. मध्ये श्वासही घेत नव्हता. आणखी एक गाडी येत असल्याचा भोंगा ऐकू आला तसा त्याचा आवाज चढला, जवळजवळ ओरडूनच तो केळीबद्दल बोलत होता. मागच्या सीटवरून मर्सी फक्त "हं, हं" करत होती. पुढची बस हलली तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता.

महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलं की सगळं बदलतं. कापणी झालेली भाताची खाचरं, मधूनच वालाची हिरवी पट्टी, ताडाची झाडं, आणि मागे तुंगारेश्वराचे डोंगर. चांदीपच्या अलीकडे अरुंद रस्त्याला लागून मर्सीची जागा. एक पत्र्याचा तबेला, एक आंब्याचं झाड आणि बांबूचं गोल कुंपण. काशिनाथ नावाचे पन्नाशीचे गृहस्थ घोड्यांची देखभाल करतात. त्यांनी आल्याआल्या तांब्या पुढे केला. "पानी घ्या आधी. उन्हाचं आलाव."

तीन घोड्यांपैकी दोन आंब्याखाली पेंगत होते. तिसरी, तांबड्या रंगाची आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी, गोल कुंपणात मोकळी होती. तिचं नाव मैना. पूर्वी ती टांग्याला होती.

मर्सीने दादाला काय करायचं ते सांगितलं. फार काही नव्हतंच. घोडीवर बसायचं नाही, तिला पळवायचं नाही. आत जाऊन नुसतं उभं राहायचं. ती बाहेरून एखादा प्रश्न विचारील, वाटलं तर उत्तर द्यायचं. घोडी काय करते ते बघायचं. "आणि एक," ती म्हणाली, "मैना डॉक्टर नाही. औषधपाणी, तपासणी, ते सगळं त्याच्या जागी. इथे फक्त आपण आत काय चाललंय ते जरा नीट बघतो."

दादा खिशात हात घालून, ओठांवर हसू ठेवून आत गेला. मैना कुंपणाच्या पार पलीकडच्या बाजूला गेली. दादा दोन पावलं पुढे झाला. तिने कान मागे पाडले आणि कडेकडेने फिरायला लागली, दादाकडे तिरकं बघत. त्याने गाजर पुढे केलं, चुचकारलं. ती नाकपुड्या फुलवून आणखी दूर सरली.

"काय वाटतंय, दादा?" मर्सीने विचारलं.

"काही नाही. मस्त."

मैना वेगाने फिरू लागली. खुरांनी धूळ उडत होती.

"आत, छातीत वगैरे?"

"सांगितलं ना, मस्त आहे."

आता ती दुडक्या चालीने गोल पळत होती आणि दादा मधोमध हातात गाजर घेऊन उभा होता. मला ते बघवेना. मर्सीने त्याला बाहेर बोलावलं आणि मला आत जायला सांगितलं. माझं तरी वेगळं काय होणार? भावाच्या काळजीने मी आतून पिळवटलेली, आणि चेहरा मात्र शाळेच्या तपासणीला साहेब आल्यासारखा. मैना माझ्यापासूनही लांबच राहिली. "शैला, तुला काय वाटतंय?" मर्सीने विचारलं. "भीती," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. "सोमवारची भीती वाटते मला." मैना थांबली. जवळ आली नाही, पण थांबली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

बाहेर आल्यावर मर्सी म्हणाली, "घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचं सगळं आयुष्य समोरच्याचं अंग वाचण्यात जातं. चेहरा हसतोय आणि अंग मात्र आवळलेलं आहे, असं दिसलं की तो बिचकतो. त्यात राग-लोभ काही नसतो."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?" दादाने विचारलं.

"मी असं नाही म्हटलं."

"ती म्हणून राहिली ना पण. टांग्याची घोडी!" त्याने गाजर भिरकावून दिलं. "शैला, चल. आत्ताच्या आत्ता घरी जायचं."

तो तरातरा चालत फाटकाबाहेर रस्त्यावर गेला. मी त्याच्या मागे. रस्त्याच्या कडेला निवडुंगाच्या कुंपणाजवळ मी त्याला गाठलं.

"दादा, सोमवारी नको जाऊस."

"नको जाऊ, मग काय करू? टेबलावर बसवतील. चहा आणायला पाठवतील. तिशी-पस्तिशीची पोरं बघतील माझ्याकडे, हाच तो, घाबरलेला. इंजिन सोडून मला दुसरं काही येतं का, शैलू? सांग ना!"

आमचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये होते. दादा पहिल्यांदा इंजिनावर चढला तेव्हा ते स्टेशनावर उभे राहून रडले होते. दादाच्या ओळखीतून इंजिन काढून घेतलं तर मागे काय उरतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आमचं हे चाललेलं असताना काशिनाथ मैनेला दोरीने धरून फाटकाबाहेर आले. रस्त्यापलीकडे एक लहानसं तळं आहे, तिथे दुपारी घोड्यांना पाणी दाखवतात. ते रस्त्याच्या मध्यावर आले आणि वळणापलीकडून भोंगा वाजला. लांबलचक, कर्कश. मातीने भरलेला डंपर.

मैनेने मान उसळवली. दोरी काशिनाथांच्या हातातून निसटली, ते कडेच्या चरात पडले. आणि घोडी पळाली नाही. रस्त्याच्या मधोमध चारी पाय रोवून ती थिजून उभी राहिली, तोंड डंपरकडे करून. वळणावरून डंपर दिसला. पुन्हा भोंगा. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. दादा तिच्या सर्वांत जवळ होता, चार ढांगा टाकल्या असत्या तर दोरी हाती आली असती. मी त्याच्याकडे बघितलं.

दादा हलला नाही. त्याचा उजवा हात पुढे आला होता, मूठ वळलेली, जणू हवेत कसलं तरी हँडल धरलंय. तोंड उघडं. डोळे डंपरवर नव्हते, घोडीवर होते.

ब्रेक किंचाळले, चाकांखालून मुरूम उडाला, डंपरचं मागचं अंग तिरकं सरकलं आणि तो थांबला. मैनेच्या आणि त्याच्यामध्ये एखादी बैलगाडी मावली असती, एवढंच अंतर. काशिनाथांनी उठून दोरी पकडली. मर्सी धावत आली होती. घोडीच्या अंगावर घामाचा फेस आला होता आणि सगळं अंग थरथरत होतं.

डंपरचा चालक खाली उतरला. चाळिशीचा, रापलेला माणूस. मला वाटलं, आता शिव्या ऐकायच्या. पण तो आमच्याकडे आलाच नाही. चाकाला टेकून तो खाली बसला आणि दादाकडे बघत म्हणाला, "देखो साहब, मेरा हाथ देखो." त्याचे दोन्ही हात लटलट कापत होते. "अभी मैं नहीं चला सकता. थोड़ा बैठता हूँ."

दादा त्याच्यासमोर उभा राहून त्या हातांकडे बघत राहिला. मी पाण्याची बाटली आणून चालकाला दिली. तो पाणी प्यायला, तोंडावर मारलं, आणि मागे एक टेम्पो येऊन भोंगा वाजवू लागला तरी उठला नाही. "रुको भाई," तेवढं मात्र म्हणाला. हात थांबल्यावर तो चढला आणि डंपर हळूहळू निघून गेला.

मैनेला परत गोल कुंपणात सोडलं होतं. मर्सी तिच्याजवळही गेली नाही, लांबून तिला शांत होऊ देत होती. दादा रस्त्यावरून आला आणि सरळ कुंपणाच्या दाराशी गेला.

"आत्ता नको, दादा," मर्सी म्हणाली. "ती अजून बिथरलेली आहे."

"मी पण," दादा म्हणाला.

मर्सीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग दार उघडलं, ते उघडंच ठेवलं आणि स्वतः दारात उभी राहिली. "कुंपणाला धरून उभे राहा. खाली बसू नका. मी म्हटलं की बाहेर यायचं."

दादा आत जाऊन बांबूला पाठ लावून उभा राहिला. खिशातले हात बाहेर होते. ते कापत होते, आणि आज पहिल्यांदाच तो त्यांना लपवत नव्हता. मैना पलीकडे होती, पोट भात्यासारखं हलत होतं.

"शैलू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी हललो नाही. बघितलंस ना? माझं अंग हललंच नाही. उद्या इंजिनावर असं झालं तर?"

बोलावं असं वाटत होतं, पण मर्सीने बोट ओठावर ठेवलं.

"तो वळला होता," दादा म्हणाला. "सगळ्यांना वाटतं तो पाठमोरा होता. नव्हता. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. पांढरा सदरा होता, वरचं बटण तुटलेलं. एवढं दिसतं का कुणाला धुक्यात? मला दिसलं. रोज दिसतं. मी नळ सोडतो आणि त्याला सांगतो, बाबा, बाजूला हो, मी थांबवू शकत नाहीये गाडी. अरे, हो ना बाजूला!" शेवटचं वाक्य तो ओरडला. माझा मोठा भाऊ, आमच्या वडिलांच्या तिरडीला खांदा देताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो बांबूला धरून लहान मुलासारखा हुंदके देत रडत होता. "मला भीती वाटते. मला त्या इंजिनावर चढायचीच भीती वाटते."

मला वाटलं, या ओरडण्याने घोडी आता उधळणार. मर्सीही एक पाऊल आत सरकली होती.

मैनेचे कान उभे राहिले. ती बराच वेळ दादाकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली, ओठ चाटले आणि एक मोठा श्वास सोडला. एक पाऊल, मग थांबली. आणखी एक. दादाला तिचं भानही नव्हतं, तो चेहरा कोपराने झाकून रडत होता. अर्ध्या कुंपणापर्यंत येऊन ती पुन्हा थांबली, वाटलं इथेच राहणार. पण ती आली. त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर डोकं खाली सोडून उभी राहिली. तिच्या श्वासाने त्याच्या सदऱ्याची बाही हलली तेव्हा दादाने कोपर बाजूला घेतलं.

त्याने तिला हात लावला नाही. गाजरही दिलं नाही. दोघंही घामाने भिजलेले आणि कापत असलेले असे नुसते शेजारी उभे होते. हळूहळू घोडीचं थरथरणं कमी झालं. नंतर दादाचं. काशिनाथ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते, चरात पडल्याने कोपर खरचटलेलं. "अशी ती कवा कवाच येते," ते कुजबुजले.

दुपारी आम्ही आंब्याखाली मर्सीने आणलेला भात आणि वालाची उसळ खाल्ली. दादाने दोनदा भात घेतला. जेवताना मर्सीला म्हणाला, "तिने मला माफ केलं का काय?"

"माफ कशाबद्दल? तुमची चूक तिलाही माहीत नाही आणि मलाही दिसत नाही," मर्सी म्हणाली. "सकाळी तुम्ही आत एक होतात आणि बाहेर एक. तिला कुठल्यावर विश्वास ठेवायचा कळेना. दुपारी तुम्ही एकच होतात. घाबरलेले होतात, पण एकच. तिला तेवढं पुरतं." मग ती म्हणाली, "आज झालं म्हणजे संपलं असं नाही हं, दादा. भुसावळला मनोविकाराचे डॉक्टर गाठायचे. त्यांना हेच सांगायचं, बटणासकट."

शनिवारी आम्ही पुन्हा चांदीपला गेलो. दादाने काशिनाथांकडून खरारा मागून घेतला आणि मैनेचं अंग घासलं. सुरुवातीला ती दोनदा सरकली. दादाने हात खाली घेऊन वाट बघितली. घासून झाल्यावर तो आंब्याखाली आला, मोबाईल काढला आणि त्याच्या साहेबांना फोन लावला. मी उठून जायला लागले तर म्हणाला, "बस. तुझ्यासमोर बोललो तर मागे नाही फिरणार."

"साहेब, सोमवारी मी येत नाहीये," तो म्हणाला. "डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं नव्हतं. झोप येत नाही. हात कापतात. काल एका जागी माझं अंग हललं नाही. अशा अवस्थेत मी गाडी हाती घेणं बरोबर नाही." दादाच्या कपाळावरची शीर उडत होती. मग साहेब काहीतरी बोलले. दादा "हो, हो" म्हणत राहिला आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"परत तपासणीला या म्हणाले. कडक आवाजात." त्याने मोबाईल खिशात ठेवला. "आणि म्हणाले, पाटील, फोन केलात ते बरं केलंत."

रविवारी निघताना पपांनी केळीच्या सोपात (खोडाच्या वाळलेल्या सालपटात) बांधून सुकेळी दिली. दादाच्या गाडीपुढे आलेल्या माणसाबद्दल मर्सीने त्यांना मागाहून सांगितलं असावं. त्यांनी दादाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि म्हणाले, "त्या माणसासाठी मी मिसा मागितलाय (चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना). नाव माहीत नाही, तर नुसतं 'तो माणूस' म्हटलं." त्याने वाकून पपांच्या पायांना हात लावला.

परतीच्या वाटेवर तो फार बोलला नाही. शेवेचा, केळीचा विषय निघाला नाही. जव्हारच्या घाटात एकदा म्हणाला, "शैलू, थांब. छातीत धडधडतंय." मी गाडी कडेला घेतली. आम्ही दरीकडे बघत उभे राहिलो. जरा वेळाने "चल" म्हणाला. आधीच्या सगळ्या प्रवासात त्याने मला एकदाही असं थांबवलं नव्हतं.

या प्रवासात मी फारसं काही पाहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. वसईचा किल्ला राहिला, समुद्रही राहिला. लोक विचारतात, घोड्यांमुळे माणूस बरा होतो का? मैनेने दादाला बरं केलं नाही. आम्ही सगळे, मी, वहिनी, त्याचे मित्र, त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवल्यासारखं वागत होतो, कारण तेच आम्हाला सोयीचं होतं. मैना तसं वागायला तयार झाली नाही, एवढंच म्हणता येईल. आणि तो खरा दिसला तेव्हा पळून गेली नाही.

दादा अजून इंजिनावर चढलेला नाही. सध्या त्याला शेडमध्ये नव्या मुलांना शिकवायचं काम दिलंय. डॉक्टरांकडे जातो, गोळ्या घेतो, काही दिवस चांगले जातात आणि काही फार वाईट. पुन्हा गाडी हाती घेईल की नाही, हे तोही सांगत नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी पोळ्या करत होत्या. बाहेरच्या खोलीतून दादाने हाक मारली, "अगं, जरा येतेस का? आज जमत नाहीये."

वहिनींनी तव्यावरची पोळी तशीच ठेवली, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच त्याच्याजवळ जाऊन बसल्या.